गिअरचीच गाडी का ठेवली

करंजीचा घाट संपला की तिसगावपर्यंत रस्ता बराच सरळ आहे. त्या सरळ रस्त्यावर ह्यांचा डावा हात स्टिअरिंगवरून घसरून मांडीवर पडला. मी शेजारी बसले होते. मला वाटलं, गिअर बदलायचा असेल. मग मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे उघडे होते, पण ते रस्त्याकडे पाहत नव्हते. थंडीचे दिवस, सकाळचे साडेआठ वाजलेले, आणि कपाळावरून घाम गळत होता.

"अहो," मी म्हणाले. ते बोलले नाहीत. "अहो, ट्रक येतोय समोरून."

ट्रक लांब होता, पण आमची गाडी हळूहळू त्याच्याच बाजूला सरकत होती. मी त्याआधी कधी स्टिअरिंगला हात लावलेला नव्हता. मी ते धरलं आणि जोरात माझ्याकडे ओढलं. गाडी डांबरावरून मुरमावर उतरली. ह्यांचा पाय पेडलवरून निघालेला होता, म्हणून वेग कमी कमी होत गेला, मग गाडीने तीन-चार गचके दिले आणि ती बंद पडली. काचेसमोर बाभळीच्या फांद्या होत्या. ट्रक हॉर्न वाजवत शेजारून गेला आणि आमची गाडी हलली.

माझ्या पिशवीत गूळ-शेंगदाणे होते. मी गुळाचा खडा त्यांच्या गालात कोंबला आणि वरून पाण्याचा घोट दिला. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. पाच-सहा मिनिटं गेली असतील. मला ती संपत नाहीत असं वाटत होतं. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "का थांबलो आपण?"

मी रडायला लागले. त्यांनी सदऱ्याला हात लावून पाहिला, बाभळीकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं.

"कुनाला सांगायचं न्हाई," ते म्हणाले. "पोराला तर मुळीच न्हाई. माझी शपथ हाय तुला."

मी मान हलवली. लग्नाला तीस वर्षं झाली होती, ते सांगतील त्याला मान हलवायची मला सवय होती.

आमचा धंदा कपड्यांचा. मी केडगावला घरी मशीनवर परकर आणि लहान मुलींचे फ्रॉक शिवते, आणि हे आठवडी बाजारांत पथारी टाकून ते विकतात. तिसगावचा बाजार आमचा सगळ्यात जुना, कारण ह्यांचं मूळ गाव तिकडचंच; तिकडे मीही सोबत जायचे. बाजारात बसणाऱ्या आमच्यासारख्यांची एक रीत आहे. पहिलं गिऱ्हाईक होऊन भवानी झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. पाणी चालतं, दुसरं काही नाही. ह्यांचे वडील तसंच करत, हेही तसंच करत आले. वडिलांना साखरेचा आजार नव्हता. ह्यांना होता, आणि दोन वर्षांपासून सकाळी सहाला इन्सुलिनची सुई सुरू झाली होती. सुई टोचायची, गाडी काढायची, आणि भवानी होईपर्यंत उपाशी राहायचं. दवाखान्यात सांगितलेलं असायचं की सुईनंतर खाल्लंच पाहिजे. हे तिथे "व्हय, व्हय" म्हणत.

त्या दिवसानंतर मी भाकरी करून समोर ठेवायला लागले. ते म्हणायचे, "भवानीआधी खाल्लं की दिवस नासतो. तू तुझं मशीन बघ." कधी खायचे, कधी ताट सरकवायचे. त्यानंतरही दोनदा घरातच त्यांना दरदरून घाम सुटला आणि ते भलतंच बोलायला लागले. दोन्ही वेळा मी साखरपाणी पाजलं आणि कुणाला काही बोलले नाही. बाजाराच्या दिवशी गाडी सुरू झाली की पिशवीत गूळ आहे ना, ते मी चाचपायचे. वाटेत मी रस्त्याकडे न पाहता त्यांच्याकडेच पाहत बसायचे. ते चिडायचे. "माझ्या तोंडावर काय सिनेमा लागलाय का?"

उन्हाळ्यात त्यांच्या डाव्या पायाला चपलेचा खिळा लागला. त्यांना तो कळलाच नाही, पायाची जाणीव कमी झालेली होती. जखम चिघळली आणि शेवटी डाव्या पायाची बोटं काढावी लागली. घरी आल्यावर काठी धरून ते चालायला लागले, पण गाडी काढायला गेले तर क्लच दाबता येईना. पाय पेडलवर ठेवला तरी तो किती दाबला गेलाय हे पायाला कळायचं नाही. गाडी दारातच दोन उड्या मारून बंद पडली. ते खाली उतरले, दार हळूच लावलं आणि आत येऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

खरं सांगते, मला त्या दिवशी हायसं वाटलं. नवरा भिंतीकडे तोंड करून पडलाय आणि बायकोला हायसं वाटतंय, ह्याची मला भीती वाटली. पण वाटलं ते वाटलं.

आमचा मुलगा पुण्याला कंपनीत असतो. तो रविवारी आला आणि ह्यांना म्हणाला, "दादा, सोपं आहे. ही गाडी देऊन टाकू आणि ऑटोमॅटिक घेऊ. त्यात क्लचच नसतो. डाव्या पायाला काही काम नाही. उजवा पाय तुमचा धडधाकट आहे."

ह्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "आसली गाडी असती?"

"पुण्यात निम्म्या लोकांकडे तीच आहे."

"मंग मला बाजार करता येतील?"

"का नाही? पुढच्या आठवड्यापासून."

दवाखान्यातून आल्यापासून त्यांनी दाढी केली नव्हती. त्या संध्याकाळी ते आरशासमोर बसले. मी चहा घेऊन गेले तर गालाला साबण लावलेला, आणि गुणगुणत होते. मी कप ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. त्यांनी मला शपथ घातलेली होती.

पुढच्या रविवारी केडगावातच पुणे रस्त्याला जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे गेलो. मुलाने पांढरी गाडी आधीच पाहून ठेवली होती. विकणारा माणूस बोलका होता. हे चालकाच्या सीटवर बसले, तो शेजारी, मी आणि मुलगा मागे. माझ्या समोर ह्यांची मान होती आणि दाढी केल्यामुळे गोरा दिसणारा गाल.

"काका, डावा पाय मागे घ्या आणि विसरून जा," तो म्हणाला. "उजव्याने ब्रेक दाबा. हा दांडा इथे ओढा. आता ब्रेक सोडा आणि काहीच करू नका."

ह्यांनी ब्रेक सोडला. गाडी चालायला लागली.

"म्या तर काहीच केलं न्हाई," हे म्हणाले.

"तेच तर. पाय काढला तरी ती चालत राहते. बंद पडायची भानगड नाही."

हे हसले. ह्यांचं असं हसणं मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. मुलगाही हसला. गाडी मोकळ्या जागेत आपली आपण पुढे पुढे जात होती, कुणाचाही पाय कशावरच नव्हता, आणि मला घाटाखालची बाभळ दिसायला लागली. आमची जुनी गाडी गचके देऊन बंद पडली होती म्हणून आम्ही दोघं जिवंत होतो. ह्या गाडीने गचके दिले नसते. ही चालत राहिली असती. मी सीटची कड धरली.

गाडी जागेवर आली. सगळे उतरले. विकणारा म्हणाला, "मग काका, आजच बुकिंग करून टाकायचं?" मुलाने मोबाईल काढला.

मी म्हणाले, "आज नको. आज अमावस्या आहे."

मुलाने मोबाईलमध्ये पाहिलं. "आई, अमावस्या गुरुवारी होऊन गेली."

"गुरुवारी व्हती," हे म्हणाले. "तूच तर नारळ आनाया लावला मला."

विकणारा हसू दाबून दुसरीकडे पाहायला लागला. माझ्याजवळ दुसरं खोटं काही नव्हतं. आतून कुणीतरी ढकलल्यासारखं मी म्हणाले, "ह्यांना गाडीत शुद्ध राहिली नव्हती. तिसगावला जाताना."

मुलगा आधी माझ्याकडे आणि मग त्यांच्याकडे पाहायला लागला. "कधी?"

"थंडीत. साखर उतरली होती. घरीसुद्धा दोनदा झालंय."

"दादा?"

हे काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. मान वर केली नाही. "तिला काय कळतंय? चौथी शिकल्याली बाई. जरा डोळा लागला आसंल."

"डोळा लागला नव्हता," मी म्हणाले. "डोळे उघडे होते. मी स्टिअरिंग ओढलं तर गाडी खाली उतरली आणि बंद पडली. ही बंद पडली नसती."

इतकं मी चार माणसांत कधी बोलले नव्हते. मुलाने मोबाईल खिशात ठेवला. विकणारा माणूस हळू म्हणाला, "काका, तसं असेल तर तुम्ही कुठलीच गाडी चालवू नये. मी विकणारा माणूस आहे, तरी सांगतो."

हे माझ्याकडे वळले. शपथ मोडल्याचा राग त्यांच्या डोळ्यांत होता, आणि रागाच्या मागे आणखी काहीतरी होतं, ते मला पाहवेना.

"मंग चालवनार कोन?" ते म्हणाले. "तू?"

ते टोचून बोलले होते. मी म्हणाले, "हो."

आम्ही घरी आलो. चहा झाल्यावर मुलगा माझ्याजवळ स्वयंपाकघरात येऊन बसला. तो समजूतदार आहे. म्हणाला, "आई, तू खरंच शिकणार असशील तर मग ऑटोमॅटिकच घेऊ. तुला सोपी पडेल. गिअरचं, क्लचचं तुला ह्या वयात झेपणार नाही. घाट आहे वाटेत."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. क्लच म्हणजे काय हेही मला नीट माहीत नव्हतं. पण मला दिसत होतं ते वेगळंच. ऑटोमॅटिक दारात उभी आहे, मी आत मशीनवर बसलेय, मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही, आणि हे खुंटीवरची किल्ली घेऊन, भवानी व्हायची म्हणून उपाशीपोटी, काठी मागच्या सीटवर टाकून निघून गेले आहेत. त्यांनी तसं केलंच असतं. मी त्यांना ओळखते. जुनी गाडी दारात असली तर किल्ली खुंटीवर असली काय आणि हातात असली काय, त्यांना ती नेता येणार नव्हती.

"जुनीच राहू दे," मी मुलाला म्हणाले. "तिची सवय आहे घराला."

"घराला कसली सवय?" तो म्हणाला.

मी कारण सांगितलं नाही. ते त्याला सांगणं म्हणजे बापाचा पाय अधू झाला ह्याचा आई फायदा घेतेय, असं सांगण्यासारखं होतं. खरं तर तेच होतं.

गाडी शिकवायला एक निवृत्त झालेले एसटीचे ड्रायव्हर यायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. पहिल्या दिवशी मी मागचं दार उघडून बसायला लागले तर ते म्हणाले, "ताई, मागं बसून शिकायला हा काय टीव्ही आहे?" मी पुढे बसले. चप्पल काढली, कारण मशीनवर मी अनवाणीच बसते.

आणि मशीननेच माझा घात केला. तीस वर्षं माझे दोन्ही पाय एकाच पट्टीवर एकदम खाली जातात, एकदम वर येतात. गाडीतही तेच व्हायला लागलं. मास्तर म्हणायचे, क्लच हळू सोडा आणि रेस हळू द्या. म्हणजे एक पाय वर, एक पाय खाली. माझे दोन्ही पाय बरोबरच दाबले जायचे. इंजिन रानडुकरासारखं ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. मग मी घाबरून दोन्ही पाय एकदम काढायचे आणि गाडी गचका देऊन मरायची.

"ताई, कापड कुठंय?" मास्तर म्हणायचे. "नुसतंच मशीन मारताय."

रोज सकाळी निघताना माझे हात ओले व्हायचे, ते मी पदराला पुसायचे. समोरून मोटारसायकल आली तरी मी डोळे मिटायचे. मास्तरांनी एकदा ते पाहिलं आणि मधला हँडब्रेक ओढून गाडी थांबवली. ते म्हणाले, "भीती वाटू द्या. भीती वाटणाऱ्याला मी शिकवतो. डोळे मिटणाऱ्याला शिकवत नाही." त्यानंतर मी डोळे मिटले नाहीत, पण भीती कमी झाली असं नाही. ती आता उघड्या डोळ्यांनी वाटायला लागली.

सुट्टीच्या दिवशी नागापूरच्या एमआयडीसीतले रस्ते रुंद आणि रिकामे असतात. तिथे मास्तर मला तासन्‌तास फिरवत. कारखान्यांच्या बंद फाटकांवरचे वॉचमन खुर्चीत बसून आमची मजा पाहत. महिनाभराने माझे पाय वेगळे झाले. म्हणजे गाडीत वेगळे झाले. गंमत अशी की त्याच आठवड्यात मशीनवर माझा एक पाय मागे राहायला लागला आणि दोन फ्रॉकांची शिलाई वाकडी गेली.

शिकायला लागण्याआधी कच्च्या लायसन्सच्या परीक्षेत कॉम्प्युटरवर मराठीत प्रश्न आले होते. वाचायला मला वेळ लागतो. घड्याळ पळत होतं आणि माझे ओठ हलत होते. पास झाल्याचं दाखवलं तेव्हा मी तिथल्या माणसाला पुन्हा बघायला लावलं. पक्कं लायसन्स पाय वेगळे झाल्यावर, गाडी चालवून दाखवून मिळालं.

ह्या सगळ्या दिवसांत हे माझ्याशी कामापुरतं बोलत होते. मास्तर आले की ते आत जायचे. मी परत आले की ते विचारायचे, "गाडी हाय का मोडली?" मी म्हणायचे, "आहे." ते मान हलवायचे. रागाने की कशाने, कळायचं नाही. आमचे बाजार बंद होते. शिवलेले फ्रॉक गाठोड्यांत बांधून पडले होते.

साखर कारखाने सुरू होऊन ऊस निघाला तेव्हा आम्ही पहिल्यांदा तिसगावला निघालो. मुलाने फोनवर सांगितल्यामुळे म्हणा किंवा माझ्याकडे पाहून म्हणा, ह्यांनी सुई घेतल्यावर अर्धी भाकरी खाल्ली. खाताना तोंड भिंतीकडे होतं. मग काठी घेऊन ते गाडीशी आले, क्षणभर चालकाच्या दाराशी थांबले, आणि वळसा घालून दुसरीकडून बसले.

भिंगार मागे पडेपर्यंत मी श्वास धरून होते. माझ्या मागे हॉर्न वाजला की खांदे वर जायचे. हे रस्त्याकडे पाहत होते. फक्त त्यांचा डावा पाय, बोटं नसलेला, खालच्या रबरी चटईवर दाबला जात होता आणि सुटत होता. मी गिअर बदलायच्या जरा आधी. दर वेळी.

करंजीच्या घाटात ऊस भरलेला ट्रॅक्टर पुढे होता, दोन ट्रॉल्यांचा. उसाची टोकं रस्त्यावर डोलत होती. त्याच्यामागे आम्ही, आमच्यामागे एक बस. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काय होतं ते मी पाहिलं नाही. वळण आलं आणि ट्रॅक्टर जवळजवळ थांबलाच.

तेव्हाच हे बोलले. रस्त्याकडे बघत, अगदी सावकाश.

"पोरगं सोपी गाडी घिऊन देत व्हतं. तू घेतली न्हाईस."

मी ट्रॉलीवरून नजर काढली नाही.

"मला चालवता यिऊ नये म्हनून हीच ठिवली ना?"

माझे दोन्ही पाय पेडलवर होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मागे बसचा हॉर्न वाजत होता. मला तोंड लपवायला पदर धरता येत नव्हता, उठून स्वयंपाकघरात जाता येत नव्हतं. मान हलवायचीसुद्धा भीती वाटत होती, नजर हलली असती.

"हो," मी म्हणाले.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमधून एक ऊस घसरून रस्त्यावर पडला आणि आमच्या चाकाखाली मोडला. गाडी थरथरायला लागली होती, आता बंद पडणार हे मला कळत होतं आणि काय करायचं ते आठवत नव्हतं.

"दुसरा टाक," हे म्हणाले. "क्लच पुरा दाब आदी. दाबला? आता दुसरा टाक."

मी दुसरा टाकला.